लॉटमधली पहिली भाकरी

आमच्या खोलीत कडक भाकऱ्यांची चळत लागते, तशी किश्श्यांचीही लागते. रोज एखादा वर पडतो आणि खालचे दबून जातात. कुणी पाहुणी आली की मी वरचे हसायचे किस्से सांगायला घेते, पण हात आपोआप खालच्याकडे जातो. आणि खालचे सगळे महादेवीअक्कांचे आहेत.

अक्कलकोट रोडला पत्र्याच्या खोलीत आम्ही आठ बायका भाकऱ्या करतो. ज्वारी मंगळवेढ्याची. पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर पार वाळवायची. अक्कांचं मनगट आखडलं तेव्हापासून त्यांच्याच्यानं थापणं होईना. मग त्यांच्याकडे एकच काम राहिलं. प्रत्येक लॉटमधली पहिली भाकरी चावून बघायची. 'कट्ट' आवाज दारापर्यंत गेला तर लॉट पॅकिंगला, नाहीतर परत तव्यावर. चावलेली भाकरी अक्का घरी न्यायच्या, आमटीत कुस्करायला.

एकदा एका दुकानदाराचा फोन आला, भाकरी मऊ निघाली म्हणून. अक्कांनी त्याच लॉटमधली भाकरी फोनजवळ धरून चावली आणि विचारलं, "आलं का ऐकू?"

तो म्हणाला, "बाई, कान बधिर झाला!"

*

नसीमभाभी आमच्याकडे पॅकिंगला असते. जीभ तिची शेंगाचटणीपेक्षा तिखट. एके दिवशी अक्कांनी चावलेल्या भाकरीच्या कडेला गुलाबी डाग दिसला.

"काय अक्का, लिपस्टिक लावून आलाय काय?"

सगळ्या हसल्या. अक्काही तोंडाला पदर लावून हसल्या.

मी अक्कांच्या शेजारी बसते. तसा डाग मी आधीही दोनदा बघितला होता. मी काय केलं, तर भाकरी उलटी करून त्यांच्या पिशवीत सारली.

*

पुढं अक्का समोरच्या दातांनी चावायच्या बंद झाल्या. उजव्या दाढेनं चावू लागल्या. समोरच्या दातांचा 'कट्ट' वेगळा आणि दाढेचा वेगळा, बसका. रोज ऐकणाऱ्याला कळतो. मी जेवताना हळूच विचारलं तर म्हणाल्या, "ब्रश लावला की रगत येतंय. म्हणून ब्रशच सोडला बघ. बोटानं मिश्री लावते, बरं वाटतंय."

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा की.

"आणि त्यानं दात काढले तर? मग मी हितं येऊन काय करू, तुमची तोंडं बघत बसू?"

मी लोणचं वाढलं.

*

त्याच सुमारास अक्कांचं पोटाचं दुखणं सुरू झालं. जळजळ, मळमळ, जेवण नको. आमच्या खोलीत आठ बायका म्हणजे आठ डॉक्टर. कुणी ओवा दिला, कुणी सोडा, कुणी थंड दूध. शेवटी मुलानं दवाखान्यात नेलं. दुर्बिणीनं तपासलं, पोटात जंतू निघाले. दोन आठवडे मूठमूठ गोळ्या खाल्ल्या आणि अक्का बऱ्या झाल्या. आम्हाला पेढे वाटले.

काही महिन्यांनी परत तेच. परत गोळ्या. परत बरं. पुन्हा तेच.

नसीमभाभी म्हणाली, "अक्का, पाहुणा लई लाडाचा दिसतोय. एवढा हाकलला तरी येतोय. आता पेढे त्यालाच द्या."

*

तिसऱ्या वेळी मी सोबत गेले. डॉक्टर नवीन होत्या, वयानं लहान. त्या म्हणाल्या, "आजी, तोंड उघडा."

अक्का म्हणाल्या, "दुखतंय पोट. तोंड कशाला बघताय?"

डॉक्टरांनी हिरडी दाबली तर पू आला. त्यांनी समजावून सांगितलं. गोळ्यांनी पोटातले जंतू मरतात, पण हिरडीच्या खाचेत, दातावरच्या किटणात काही तग धरून राहू शकतात आणि गिळताना परत खाली जातात. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, दुसरंही कारण असू शकतं. पण हिरड्या एवढ्या बिघडल्यात तर पोटाबरोबर त्यांचाही इलाज करू.

परतताना रिक्षा सात रस्ता चौकात आली. अक्का म्हणाल्या, "म्हंजे पिठाचा डबा घासला आणि झाकण तसंच ठिवलं. किडं हुनारच की."

*

दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "रक्त कधीपासून येतंय?"

अक्का म्हणाल्या, "हिला इचारा. ही माझ्या शेजारी बसते."

मी म्हटलं, "दोन वर्षं झाली असतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दोन वर्षं? आणि कुणी काही बोललं नाही?"

भिंतीवर दात कसे घासावेत याचं चित्र होतं. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

समोरचे सहा दात गेले. बाकीचे साफ करून वाचवले, पण त्यांनी कडक काही चावायचं नाही असं बजावलं. गोळ्या झाल्या, पोट शांत झालं. आणि अक्का यायच्या बंद झाल्या.

*

महिनाभर आम्ही भाकरी हातानंच मोडून बघत होतो. दोनदा माल परत आला. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "अक्का, चावायला मी आहे. तुम्ही नुसतं ऐकायला या."

"नुसतं ऐकून काय कळायचंय?" म्हणाल्या, पण आल्या. आपल्या जागी बसल्या, डोळे मिटले. नसीमभाभीनं पंखा बंद केला. सगळ्या गप्प. मी पहिली भाकरी घेतली आणि चावली.

अक्का म्हणाल्या, "वाळलीया. जाऊ दे पॅकिंगला."

सगळ्या हसल्या, पंखा सुरू झाला. मी भाकरी पिशवीत ठेवायला निघाले, तेवढ्यात अक्कांनी डोळे उघडले.

"सुरेखा, डाव्या दाढंनं का चावलीस?"

अक्कांनी माझ्या हातातली भाकरी घेतली आणि खिडकीकडे उजेडात धरून तिची कड बघू लागल्या.