दाखल्याची कड

माझ्या आईला बाईंडिंगच्या कारखान्यात सगळे सरळबाई म्हणत. स्वभावाने ती सरळ होती असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. तिच्याशी वाद घालायला गेलेला माणूस आपलंच चुकलं असं म्हणत परत यायचा. नाव पडलं होतं ते कागदाच्या कडांवरून. कुठे वाकडी कड दिसली की तिचा जीव वरखाली व्हायचा. ती सरळ केल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे.

कारखाना म्हणजे दुकानांच्या रांगेमागची एक लांबट शेड. दोन मोठी टेबलं, त्यांच्याभोवती छापील कागदांच्या घड्या घालणाऱ्या बायका, कोपऱ्यात शिलाईचं मशीन, खळीची बादली, आणि अगदी शेवटी, उजेडाच्या खिडकीखाली, कटिंग मशीन. आईने बारा वर्षं घड्या घातल्या. मग कटिंगवरच्या मिस्त्रींना डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि आता इथे कोण, असा प्रश्न आला. मिस्त्रींनीच मालकांना सांगितलं की बाईंना द्या. बाकीच्या पुरुषमंडळींनी नाकं मुरडली. महिन्याभरात तेच लोक आपापले गठ्ठे घेऊन तिच्यापुढे रांगेत उभे राहू लागले, कारण तिच्या हातून निघालेल्या वहीच्या तिन्ही बाजूंवरून बोट फिरवलं तरी ते कुठे अडत नसे. त्या मशीनवर बसलेली ती पहिली बाई, आणि हे ती आडूनआडून नव्हे, चांगलं तोंडावर सांगायची.

त्या मशीनचा प्रसाद घरालाही मिळाला. आमच्या घरातलं कॅलेंडर चारी बाजूंनी कापलेलं. रेशनकार्डाचं वेष्टन कापलेलं. तिच्या लग्नाचा फोटो तिने फ्रेममध्ये बसवण्यासाठी कारखान्यात नेऊन सरळ करून आणला, त्यात कडेला उभ्या असलेल्या मामाचा अर्धा कान गेला. मामा आजही घरी आला की आधी त्या फोटोसमोर उभा राहून कान चाचपतो. आईला त्याचं काहीच वाटत नाही. तू कडेला उभाच का राहिलास, असं ती त्यालाच विचारते.

आई चौथी शिकलेली. ज्या चार खोल्यांच्या शाळेत मी शिकले त्याच शाळेत ती तिच्या वेळी होती. चौथीनंतर ती शाळेत गेली नाही. का गेली नाही, याची चर्चा तिच्या घरी झालीच नाही. धाकटी भावंडं होती, घर होतं, आणि एका सकाळी कुणी तिला शाळेसाठी उठवलं नाही, एवढंच. तिचा शाळा सोडल्याचा दाखलाही कुणी आणला नाही. दाखला लागतो पुढच्या शाळेला, आणि पुढची शाळा तर नव्हतीच.

म्हणून मी चौथी पास झाले तेव्हा माझा दाखला आणायला आई अर्धा दिवस रजा टाकून, बाहेर जायची साडी नेसून स्वतः आली. वडील मालवाहू गाडीवर होते, त्या आठवड्यात परगावी. गुरुजींनी गुलाबी रंगाचा तो जाड कागद तिच्या हातात दिला आणि मुलगी पहिल्या पाचात आहे असं सांगितलं. घरी येईपर्यंत वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने तो दाखला पाहिला, ज्याला पाहायचा नव्हता त्यानेसुद्धा. घरी आल्यावर तिने मला तो मोठ्याने वाचायला लावला. शाळा सोडण्याचे कारण, पुढील शिक्षणासाठी, या ओळीपाशी ती म्हणाली, परत वाच. मी तीनदा वाचली. तिला वाचता येत होतं, पण तिला ती ऐकायची होती.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर तिने एक पुस्तक बांधलं. माझी चार वर्षांची प्रगतिपत्रकं, चित्रं, शुद्धलेखनाची पानं, आणि शेवटी दाखला. हायस्कुलात द्यायचा असल्यामुळे दाखला तिने नुसत्या हलक्या खळीने एका पट्टीवर टेकवला होता. वर लाल कापडाचा पुठ्ठा. आतला मजकूर जेमतेम बोटभर जाड, पण पुस्तकाची पाठ तिने चांगली चार बोटं रुंद ठेवली. आत कागदाच्या कोऱ्या पट्ट्या शिवल्या होत्या, पुढची पानं चिकटवायला. आधी सहा शिवल्या, पाचवी ते दहावी. मग जरा थांबून आणखी पाच. मिस्त्रींनी विचारलं, बाई, एवढी पाठ कशाला? ती म्हणाली, मागाहून रुंद करता येत नाही.

एवढं झाल्यावर हात थांबले असते तर बरं झालं असतं. पण प्रगतिपत्रकांपेक्षा दाखला थोडा मोठा होता आणि उजवीकडून अर्धं बोट बाहेर डोकावत होता. आईच्या नजरेला ते कसं चालेल? तिने पुस्तक मशीनमध्ये दाबलं आणि पातं खाली आणलं.

हायस्कुलात प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. आम्ही खिडकीपाशी पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. मी नवी रिबीन बांधली होती आणि आईने पुस्तक छातीशी धरलं होतं. क्लार्कसमोर तिने मोठ्या दिमाखात ते उघडलं, पट्टीवरून दाखला अलगद सोडवला आणि पुढे सरकवला. क्लार्कने तो पाहिला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मग रजिस्टर नंबर कुठे आहे म्हणून विचारलं. आई म्हणाली, असेल की तिथेच, उजव्या बाजूला. उजवी बाजू नव्हती. गोल शिक्काही अर्धाच उरला होता.

नंबर नाही, शिक्का अर्धा, असा दाखला घेता येत नाही, असं क्लार्कने सांगितलं. दुसरी प्रत काढायची तर अर्ज, प्रतिज्ञापत्र, आठ दिवस. आणि आज पाच वाजता यादी भिंतीवर लागणार, ज्यांचे कागद पुरे नाहीत त्यांच्या जागा प्रतीक्षायादीतल्या मुलांना जाणार. तो वाईट माणूस नव्हता, त्याने हे दोनदा समजावून सांगितलं.   आईने पुस्तक मिटलं आणि मला चल म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. सगळंच का कापतेस तू, असं भर रस्त्यात विचारलं. मामाच्या कानाचंही काढलं. ती उलट एक शब्द बोलली नाही, आणि तिने उलट न बोलण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती. माझ्या त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

ती मला थेट कारखान्यात घेऊन गेली. तिथे कातरण पोत्यांत भरून ठेवत. त्या दिवशी चार पोती होती, रद्दीची गाडी अजून यायची होती. आईने पहिलं पोतं फरशीवर ओतलं आणि मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. आठवडाभर पावतीपुस्तकांचं काम चाललं होतं आणि त्या पावत्याही गुलाबी होत्या. शेडच्या मध्यभागी गुलाबी चिंध्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला. डोळ्यांनी शोधून संध्याकाळ झाली असती.

आई ढिगाशेजारी मांडी घालून बसली आणि तिने डोळे मिटले. पावत्यांचा कागद पातळ, शाळेचा जाड. चिंधी दोन बोटांत धरायची, चोळायची, टाकायची. धरायची, चोळायची, टाकायची. मी आणि मिस्त्री शेजारी बसून तेच करू लागलो, पण आम्हाला एकेक चिंधी निरखावी लागे, आणि ती मुठीने उचलून मुठीने टाकत होती. मालक एकदा येऊन पाहून गेले. घड्या घालणाऱ्या बायका डबा खायला उठल्या, तीही जेवायला बसेल असं वाटलं, पण तिने डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या पोत्यात तिचा हात थांबला. तिने ती पट्टी आधी चोळली, मग वाकवून पाहिली, मग डोळे उघडले. नंबर होता. शिक्क्याचा उरलेला अर्धा भाग होता. माझ्या जिवात जीव आला आणि मला रडू फुटलं. आईने मात्र घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

जुन्या वह्या दुरुस्त करताना वापरतात तो जाळीसारखा पातळ कागद तिने मागून लावला, केसाएवढी खळ, आणि दोन्ही कडा एकमेकींना भिडवल्या. वीस मिनिटं वजनाखाली ठेवलं. बाहेर काढल्यावर मिस्त्रींनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले की सांधा सापडत नाही.

क्लार्कलाही सापडला नाही, आणि नेमकी तिथेच पंचाईत झाली. सकाळी अर्धा असलेला दाखला दुपारी पुरा कसा झाला, असा त्याला संशय आला. तो आम्हाला मुख्याध्यापिकांकडे घेऊन गेला. त्या उंच बाईंनी दाखला खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ तिरका करून पाहिला.

"हा जोडला कोणी?" त्यांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"आणि कापला कोणी?"

"तोही मीच. हातात मशीन आहे ना, राहवत नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि गेलं. जोड उत्तम आहे, पण जोडावर प्राथमिक शाळेची सही हवी, नंबर रजिस्टरशी ताडून पाहिल्याची, असं त्या म्हणाल्या. पाचच्या आत आणा. आईने आभार मानले आणि आम्ही जवळजवळ पळतच निघालो.

सुट्टी लागली असली तरी गुरुजी शाळेत निकालाचे कागद लावत बसले होते. सगळी हकीकत ऐकून ते मनापासून हसले. त्यांनी रजिस्टर काढलं, नंबर ताडला, जोडाच्या मधोमध सही केली आणि शिक्का मारला. चारला पाच कमी होते. मी दारात जाऊन उभी राहिले. आई उठेना.

"गुरुजी, जुनी रजिस्टरं असतील ना?" ती म्हणाली. "माझंही नाव असेल त्यात."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं आणि कपाट उघडलं. आईने वर्ष सांगितलं. त्या रजिस्टरची पाठ पार मोडली होती, आणि एवढ्या घाईतही आईच्या तोंडून च्च निघालं. पानं तिने स्वतः उलटली. तिचं माहेरचं नाव, जन्मतारीख, चौथी उत्तीर्ण, सगळं वळणदार अक्षरात होतं. पुढचे दोन रकाने कोरे. शाळा सोडण्याचं कारण, आणि दाखला दिल्याची तारीख.

"माझा दाखला राहिलाय न्यायचा," आई म्हणाली. "तो द्या."

मी दारात पाय आपटत होते, मला पाच वाजण्यापलीकडे काही दिसत नव्हतं. गुरुजींनी गुलाबी कोरा दाखला काढला आणि लिहायला घेतलं. कारणाच्या ओळीपाशी पेन थांबलं.

"इथे काय लिहू?"

"मुलीच्या दाखल्यावर लिहिलंय तेच."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं नाही, पण लिहिलंही नाही. "बाई, बावीस वर्षं झाली," ते हळूच म्हणाले. "तुमचं पुढचं शिक्षण कुठे आहे?"

आईने हनुवटी माझ्या दिशेने उडवली.

"हे काय, दारात उभं आहे."

माझे पाय आपोआप थांबले. गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग दोन्ही रकाने भरले, दाखल्यावरचे आणि रजिस्टरमधलेही. तारीख त्याच दिवसाची घातली.

पाचला दहा मिनिटं असताना क्लार्कने माझा दाखला फाईलला लावला. भिंतीवर यादी लागली तेव्हा आईने माझं नाव शोधलं आणि पूर्ण यादी लागून लोक पांगेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. शेजारच्या एका अनोळखी बाईला तिने सांगितलं की ही माझी मुलगी, आणि मी कटिंगला असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे त्या बाईला कळलं नसावं. मला कळलं. त्या दिवशी मला तिचा इतका अभिमान वाटला की घरी जाताना मी दहा वर्षांची घोडी तिचं बोट धरून चालले.

माझा दाखला हायस्कुलाकडेच राहिला, त्यामुळे पुस्तकातली त्याची पट्टी रिकामी झाली होती. त्याच संध्याकाळी आईने तिथे स्वतःचा लावला, हलक्या नव्हे, चांगल्या घट्ट खळीने. पुढच्या सगळ्या पट्ट्या आता भरल्या आहेत. पाठ चार बोटंच आहे आणि पुस्तक तिच्यात नीट बसतं.

फक्त एक पान उजवीकडून अर्धं बोट बाहेर येतं. मी त्याच संध्याकाळी विचारलं होतं की हे सरळ करायचं नाही का. आईने लाल पुठ्ठा मिटला, बाहेर आलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "राहू दे. दिसू दे थोडं."