उघाडीतला जिताडा

नोकरीत हाताखालून गेलेल्या खुनांच्या तारखाही आता मला आठवत नाहीत. पण एका बाईने माझ्या टेबलावर आणून ठेवलेला चिखलाने माखलेला दगड मात्र आजही जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे.

पन्नासच्या दशकाची अखेर होती. आज जिथे नवी मुंबईच्या इमारती आहेत तिथे तेव्हा खाडी, मिठागरं आणि बांधाआडची भातशेती होती. मी तिथल्या ठाण्याचा फौजदार. घाटावरचा, त्यात मासे न खाणारा. त्या मुलखात हे जवळजवळ व्यंगच समजलं जाई. नवा फौजदार आला की गावोगावचे लोक मानाने मासा पाठवायचे आणि मी तो तसाच आमच्या जमादारांकडे सरकवायचो. माझ्या बदलीचा सर्वाधिक आनंद झालेला माणूस म्हणजे आमचे जमादार.

श्रावणातली गोष्ट. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो. तेवढ्यात एक मध्यमवयीन शेतकरीण आत आली आणि पदराखालून काढलेला तो दगड तिने थेट डायरीवर ठेवला.

"सायब, यो दगूड लिवून घ्या."

"हरवला होता की सापडला?" जमादारांनी विचारलं. शिपाई हसले. बाई हसली नाही.

तिची तक्रार अशी. गावाच्या शेतीला खाडीपासून राखणारा मातीचा मोठा बांध होता आणि त्या बांधात एक लाकडी दार होतं. त्याला तिकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला दार उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला खाडीच्या रेट्याने ते आपोआप मिटतं. हल्ली भरतीच्या वेळी त्या दारात कोणीतरी दगड अडकवून ठेवत होतं. दार फटीएवढं उघडं राही आणि खारं पाणी आत येई. बाई विधवा होती, पदरी तीन मुलं, आणि तिचं एकुलतं एक शेत उघाडीला लागून, सगळ्या गावात सखल. एकदा खारं पाणी जमिनीत बसलं की दोन-तीन वर्षं तिथे भात धरत नाही.

"गावातल्या दुसऱ्या कोणी तक्रार केली नाही?" मी विचारलं.

"त्यांची शेतं वर हाईत. पानी पयलं माज्याकडं येतं, म्हनून मलाच पयलं दिसतं." मग दगडाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "नारली पुनवेचं उधाण येईल तवा यो दगूड दारात असला, तं दार जाईल, बांदाला खांड परंल. मंग वरची शेतं पन माज्याच शेतावानी."

खांड म्हणजे बांधाला पडणारं भगदाड. मला त्या वेळी ते नीट कळलं नव्हतं. पण ती बाई एवढा जड दगड दोन कोस उचलून आली होती, हे मला कळत होतं. मी तक्रार नोंदवून घेतली आणि दगड मुद्देमाल म्हणून जमा केला. मुद्देमालाच्या कोठडीत कोयते आणि दारूच्या पिंपांशेजारी तो मोठ्या रुबाबात बसला.

पंचनाम्याला गेलो तर बाईचं म्हणणं अक्षरशः खरं. उघाडीजवळच्या भाताची पाती पिवळी पडलेली आणि दार सतत आपटून चौकटीशेजारचे चिरे सैल झालेले. गावचे पोलीस पाटील बरोबर होते. दिलदार माणूस, अंगाने आणि आवाजाने भारी. त्यांनी मला बाजूला घेऊन खबर दिली, "सायेब, यो कोलीवाड्याचा उद्योग हाय. मासं आत घ्याचं न जाल्यानं पकराचं."

कोळीवाड्यात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याने, माझं ऐकून घेतलं आणि मला किनाऱ्यावर नेलं. सगळ्या होड्या वर ओढलेल्या, पेंढ्याने शाकारलेल्या.

"जाली माल्यावर टांगलीत, सायब. पुनवेला नारल वाहीपत्तूर आमी खाडीत हात पन बुरवत नाय. आमच्या घरात सुकटीवर चाललंय."

सुकटीच्या वासाने त्याच्या म्हणण्याला घरोघर दुजोराच दिला. माझा संशयित हातचा गेला आणि मी चडफडत ठाण्यावर परतलो. पाहतो तर व्हरांड्यात जमादार हातभर लांबीचा जिताडा धुवत बसलेले. तो त्या खाडीतल्या माशांचा राजा, हे एव्हाना मलाही माहीत झालं होतं.

"कोणी दिला?"

"आपल्यासाठीच आलाय, साहेब. पाटलांकडून. नेहमीप्रमाणे."

"जमादार, सगळ्या होड्या किनाऱ्यावर आहेत. मग हा आला कुठून?"

जमादारांनी माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा असा पडला की मला त्यांची दया आली. श्रावण लागल्यापासून पाटलांकडून किती मासे आले, याचा पहिला जबाब मी माझ्याच जमादारांचा घेतला. मासे खाणारा फौजदार असता तर हा प्रश्न त्याला सुचला नसता. तो जेवायला बसला असता.

पण मासा पाठवणं हा गुन्हा नव्हे. त्याच संध्याकाळी गावात विचारपूस केली तर सगळे गप्प. कारण उघड होतं. मोठा मासा मिळाला की आळीत वाटे घालायची तिकडची रीत. प्रत्येक घराने त्या जिताड्याचा वाटा खाल्ला होता. पाटलांना दरडावून उपयोग नव्हता, पोलिसी दरडावणी त्यांना माझ्याहून चांगली येत होती. पण पंधरवड्यापूर्वी याच पाटलांनी स्वतः माझ्या घरी मासा पोहोचवताना त्याचे डोळे, खवले, कल्ले यांचं कौतुकाने वर्णन केलं होतं, ते आठवलं आणि त्यांना बोलतं कसं करायचं हे मला सुचलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर पंच बसले. कोळीवाड्यातला तांडेल आला, बाईही एका कडेला उभी राहिली. मी कागद आवरता आवरता सहज म्हणालो, "पाटील, मासा पोहोचला. पण जमादार म्हणत होते, शिळा होता. बाजारातला असावा."

पाटील ताडकन उठले. "शिला? माजा मासा शिला? कालच्या भरतीला आत आला, न ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी मी सोता धरला! फडफडत व्हता..."

एवढं बोलून ते थांबले. चावडीवर कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तांडेल तेवढा शांतपणे म्हणाला, "जिताडा ताजाच व्हता, सायब. लिवून घ्या."

पाटलांनी मग काही लपवलं नाही. मामलेदार, ठाणं, लेकीचं सासर, सगळीकडे पावसाळ्यातही आपल्या घरचा जिताडा गेला पाहिजे, ही त्यांची हौस. "एका दगडाच्या फटीनं काय बुरतंय, सायेब?" ते म्हणाले. त्यांचं शेत गावात सर्वांत उंचावर होतं.

मी जबाब लिहायला घेतला, तेव्हा बाई पुढे आली. "लिवायचं मागून लिवा. परवा पुनव हाय. आदी चिरं बसवा."

हुकूम माझ्यापेक्षा तिचाच बरोबर होता. सारा गाव बांधावर लोटला. कोळ्यांनी होड्यांवरचा पेंढा काढून आणला, शेतकऱ्यांनी चिखलाचे गोळे हातोहात दिले आणि चौकटीच्या मुळाशी, कमरेएवढ्या चिखलात, पाटील उभे राहिले. वरून बाई सांगत होती, "पाटील, डावीकडं," आणि पाटील निमूटपणे डावीकडे सरकत होते. आमच्या जमादारांनीही वर्दी काढून हातभार लावला. खाल्लेलं कुठेतरी फेडायलाच हवं होतं.

पौर्णिमेला खाडी बांधाच्या माथ्याला टेकली. दार गच्च मिटलं, चौकट थरथरली आणि टिकली. बाई बांधावर बसून होती. पाणी उतरायला लागलं तशी ती तोंडाला पदर लावून रडली. मला फार आनंद झाला, आणि तो लपवावा असं वाटलं नाही.

गुन्हा मी दाखल केला. पाटलांना शिक्षा झाली, पाटीलकी गेली. मासेमारीची हौस मात्र गेली नाही, पुढे ते तांडेलाबरोबर होडीने जाऊ लागले. दिवाळीनंतर बाई ठाण्यावर आली. शेताच्या वरच्या अंगाला वाचलेल्या नव्या भाताचे लाल पोहे घेऊन. म्हणाली, "तुमाला मासा चालत नाय ना."

संकट सगळ्या गावावर येतं असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ते आधी एकाच्या दारात येतं, आणि तो ओरडला की वरचे लोक त्याला भांडखोर म्हणतात. निवृत्त होऊन मी याच भागात राहायला आलो. आमच्या सोसायटीत मी चौथ्या मजल्यावर आहे. मोठ्या भरतीच्या दिवशी पाऊस लागला की शेजारी टीव्ही लावून बसतात आणि मला विचारतात, "साहेब, पाणी येणार का हो?"

मी छत्री घेऊन खाली उतरतो आणि तळमजल्यावर, गेटाशेजारच्या खोलीत राहणाऱ्या वॉचमनच्या बायकोला विचारतो.