पाच फुटांचा हट्ट

दुपारी तीनच्या सुमाराला कुमुदिनी फिरके बांधावरच्या लिंबाला डोकं टेकते. समोर नांगरून ठेवलेलं रिकामं रान. उद्या सकाळी केळीची रोपं येणार, आणि खुंट्या ठोकायचं काम थांबलंय. धाकटा दीर प्रभाकर हटून बसलाय: दादा पाच बाय पाचवर लावायचा, आपणही तेवढंच अंतर धरू. संतापानं तिचं डोकं भणभणतंय, तरी डोळे मिटतात.

रानात दाट केळी उभी आहे. दोन वर्षांपूर्वी वारलेला तिचा नवरा, डिगंबर, पायजमा दुमडून पावलांनी अंतर मोजतोय.

"गेले तरी मोजणं सुटलं नही का तुमचं?"

"अव, पाचच धर. जवळ राह्यल्या की वादळात एकमेकीले धरतात."

"धरतात? त्या साली एक पडली अन् सगळी रांग घेऊन पडली!"

ऐकू आलंच नाही असा चेहरा तो करतो. या चेहऱ्यानं तिचे तीस वर्षं हाल केले. ती तणतणत पान बाजूला सारते, तर पलीकडे तिचंच स्वयंपाकघर. ओट्याच्या कडेनं केळी उभ्या, पानं छताला घासतायत, करपलेले तुकडे वरणात पडतायत. डिगंबर पाटावर बसून भाकरी मागतोय आणि ताट ठेवायला जागा नाही.

"पाहा आता! तुमची बसराई जात ठेंगणी व्हती, तिले पाच फूट पुरे. ही जी-नाईन उंच, पान पसरट. दाट लावली की हवा खेळत नही, करपा येते, घड उशिरा निसवते. अन् केळं बोटाएवढं."

"बापानं पाचच..."

"बापानं बसराई लावली व्हती!"

पाटाच्या जागी आता वजनकाटा आहे. त्यावर एक किडमिडा घड. डिगंबर त्याच्या फण्या चाचपतो.

"मले समजलं व्हतं," तो म्हणतो. "शेवटच्या साली."

"मंग बोलले काहून नही?"

"तू सांगतलं व्हतं ना. मंग कसं मानू?" तो खांद्यावरच्या पंच्याकडे न बघता तिचा पदर ओढतो आणि चिकाचे हात त्याला पुसतो. "लाव तुह्या मनानं. सहा बाय पाच."

"अहो, धुतलेलं लुगडं!"

ती ओरडतच जागी होते. पदरावर पाच बोटांचा चीक, अजून ओला. आणि दूरवर केळीचं एक झाड नाही. हा डाग कुठल्याच साबणानं निघायचा नाही. तिला त्याचा भयंकर राग येतो, आणि त्याहून भयंकर आठवण.

प्रभाकर टेप घेऊन समोर उभा आहे. "वहिनी, काय ते एकदाचं सांगा."

"सहा बाय पाच. तुमच्या दादाले कव्हाच समजलं व्हतं."

ती घाईनं पदरानं डोळे पुसते, आणि चीक गालाला लागतो.