वामनराव ओरडले होते

वामनराव गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी त्यांच्याकडेच निघालो होतो. पायातल्या चपला काढल्या आणि खुर्चीत बसून राहिलो... त्याला आता महिना होत आला. मधल्या काळात शोकसभा झाली. त्यांचे धाकटे बंधू श्रीधरपंत तीत म्हणाले, "दादांच्या टाचेवर यंत्राचे ठोके पडत होते, पण तोंडातून 'हं' निघाला नाही." सभेने माना डोलावल्या. मी डोलावली नाही. दवाखान्याच्या त्या खोलीत श्रीधरपंत नव्हते, मी होतो.

वामनराव गोदाघाटावर यात्रेकरूंचे विधी सांगत. पहाटेपासून दगडी फरशीवर, अनवाणी. पन्नाशी उलटल्यावर एका हिवाळ्यात त्यांची टाच धरली. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागे आणि कोणी पाहिलेच, तर ते भिंतीवरचे कॅलेंडर सरळ करू लागत. गोळ्या झाल्या, बर्फ झाला, पोटऱ्या ताणण्याचे व्यायाम झाले. महिनोन्‌महिने गुण येईना. घाटावरची पिढीजात जागा श्रीधरपंतांच्या हाती सोपवण्याची भाषा घरात सुरू झाली, तेव्हा मी त्यांना गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात नेले. तिथे शॉकवेव्हचे यंत्र नुकतेच आले होते.

"विजेचा झटका देणार काय हो?" वामनरावांनी विचारले.

"वीज नाही, नुसते ठोके," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. टाचेला जेल लावून त्या यंत्राचे टोक फिरवू लागल्या. "काका, इथं दुखतं?"

"छे."

"इथं?"

"तुमचं चालू द्या."

विधीला बसलेल्या यजमानासमोर चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही, हे वळण त्यांना लहानपणापासूनचे. ते वळण त्या टेबलावरही सुटले नाही आणि ठोके भलतीकडेच पडले. टाच होती तशीच राहिली. श्रीधरपंतांनी उपचाराला थोतांड ठरवले ते तेव्हाच. पुढच्या खेपेस बाईंनी मध्येच यंत्र थांबवले. "काका, तुम्ही बोलल्याशिवाय मला नेमकी जागा सापडणार नाही. मान सांभाळायचाय की टाच?"

मी म्हणालो, "वामनराव, इथे तुमचा यजमान कोणी नाही. ओरडा."

यंत्र पुन्हा टकटकू लागले. टोक टाचेच्या आतल्या कडेला सरकले आणि... "आई गं! तिथंच! हलवू नका!" बाहेर बाकावरची मंडळी उठून उभी राहिली. ती बसतात तोच दुसरी आरोळी आली.

रिक्षात बसल्यावर म्हणाले, "आता गावभर सांगाल."

"सांगणारच."

"मग नीट सांगा. दोनदा ओरडलो."

तेच नीट सांगतो आहे. चमत्कार झाला नाही; आणखी काही खेपा आणि बरेच आठवडे लागले. पण वामनराव आपल्या जागेवर परत उभे राहिले आणि पुढे अनेक वर्षे उभे होते. मुकाट सोसणारे पुष्कळ असतात. पन्नाशी उलटल्यावर, चारचौघांत, 'इथे दुखते' असे म्हणायला शिकलेला मी एकच पाहिला. त्या आरोळ्यांवर पांघरूण घालण्याचा अधिकार मी कोणालाही देत नाही.

त्यानंतर कधी टाच ठणकलीच, तर ते सरळ भिंत धरत आणि "दुखतंय" म्हणत. हाताच्या धक्क्याने कॅलेंडर कलायचे, ते कललेलेच राहायचे. परवा त्यांच्या खोलीत गेलो, तर श्रीधरपंत ते सरळ करायला निघाले होते. मी त्यांचा हात धरला.