एक मंगलाष्टक आधी

नाशिक फाट्याचा पूल मागे पडला तेव्हा विजयश्रीने चपला काढून हातात घेतल्या. संकष्टी होती. पिंपळे गुरवहून चिंचवडला, मोरया गोसावींच्या दर्शनाला आम्ही दोघी पायी निघालो होतो. नवस तिचा, पण माझ्यापायी बोललेला: अबोलीच्या लग्नाचा व्हिडिओ नीट होऊ दे.

अबोली माझी लेक. आमच्याकडे मुलीच्या आईने मुहूर्त बघायचा नसतो. मंगलाष्टका चालू होत्या तेव्हा मी कार्यालयाच्या मागच्या दारी, पाठ करून, तुळशीला पाणी घालत होते. रीतच आहे, तक्रार नाही. पण लेकीने हार घातला तो क्षण व्हिडिओत तरी बघावा, एवढी एकच आस होती. आणि नेमका तोच सापडत नव्हता.

विजयश्री आमच्याच इमारतीत भाड्याने राहते. मूळची अंबडकडची. चाकणच्या कंपनीत चार वर्षं सुटे भाग तपासायची, केसाएवढी चीर तिच्या नजरेतून सुटत नसे. मग भोसरीतल्या खोलीवरच्या मैत्रिणीकडून एडिटिंग शिकली आणि लग्नांचे व्हिडिओ करू लागली. त्या नजरेलाही हार दिसेना, म्हणून ती पंधरा दिवस माझ्यासमोर यायला लाजत होती.

"स्टेजच्या कॅमेऱ्यात तुमच्या दिरांचा फेटा, बाकी काही नाही," ती चालता चालता म्हणाली. "दुसरा कॅमेरा खंडूभाऊचा, पाहुण्यांवर. तो शपथा घेतोय, हारांच्या वेळी स्टेजकडं वळवला म्हणून. मला तर तिथं जेवणाची रांग दिसते! शेवटचं मंगलाष्टक चालू आणि तुमच्या नणंदबाई ताट घेऊन उभ्या."

"कोण, कुसुमवन्स? काहीतरीच काय! शेवटचं मंगलाष्टक त्यांनीच तर म्हटलं. आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं त्यांनी."

विजयश्री थांबली. "तो चिरका आवाज त्यांचा?"

"हळू बोल. त्यांचाच. तुळशीपाशी ऐकला ना मी."

ती तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. "काकू, मी गाढव आहे. दोन कॅमेरे मी आवाजावर जुळवते. सगळ्यात मोठा आवाज 'सावधान'चा, तो धरून एकाखाली एक लावते. पण सावधान तर प्रत्येक अष्टकाच्या शेवटी! खंडूभाऊचं शेवटचं सावधान मी स्टेजच्या आदल्या सावधानाला जोडलं. त्याचं सगळं चित्र एक अष्टक आधी पळतंय. हार आहेत, काकू. तिथं वर मी स्टेजचं चित्र ठेवलंय, त्याच्याखाली झाकलेत."

"मग ऊठ. रिक्षा बघ."

"आणि दर्शन?"

"चंद्रोदयाच्या आत पुन्हा येऊ. बाप्पाला घाई नाही, मला आहे."

घरी येऊन तिने पडद्यावरची खालची पट्टी बोटभर सरकवली. पाहुण्यांवरचा कॅमेरा वळला. अंतरपाट खाली गेला. अवधूतला, म्हणजे आमच्या जावयाला, मित्रांनी उचलून धरलेलं, आणि अबोली टाचा उंचावून, ओठ दाबून वाट बघतेय. मग तोच वाकला. हार त्याच्या कानाला अडकला, आणि माझी लेक खळखळून हसली.

मी हात जोडले. "परत दाखव," म्हटलं. तिने पाच वेळा दाखवलं.

मग खंडूला फोन लावला. "खंडूभाऊ, माझंच चुकलं."

"मॅडम, आता दोन मिसळी तुमच्याकडून," पलीकडून आवाज आला. "एक माझी, एक माझ्या शपथांची."

ती हसली आणि फोन ठेवून पडद्याकडे वळली. अबोलीचा हसरा चेहरा पडद्यावर थांबलेला होता.

"काकू, माझं लग्न मार्गशीर्षात आहे. आमची आईपण तुळशीपाशीच जाणार. तिला मी असं नंतर, पडद्यावर नको दिसायला. माझं ती ऐकायची नाही. तुम्ही रीत पाळलेली बाई, तुमचं ऐकेल. सांगाल का तिला, समोर उभी राहा म्हणून?"