आपल्या भाषेचा आमदार

आमदार साहेब मला विचारल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नव्हते. विचारायचे एवढंच की, "माझ्या चपला कुठं ठेवल्यास रे?"

साहेब मराठवाड्यातून निवडून आलेले. असेंब्ली भरली की राजधानीत, जामबागात आमच्याच गल्लीत भाड्याच्या घरात उतरायचे. मी शाळेचं तोंड न बघितलेला माणूस, तरी पान आणणे, दार उघडणे अशी राज्याची मोठी मोठी खाती माझ्याकडं होती. साहेब रोज महागाईवर बोलायचे. त्यांच्या भाषणात भाव इतके खाली यायचे की वाकून बघावं लागायचं. वाकून सरळ होईस्तोवर बेगम बाजारात ते परत चढलेले.

माझ्या घरी माझी थोरली बहीण, अक्का. विधवा, म्हातारी, तोंडात एक दात नाही. भात तिला सोसायचा नाही. वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी हेच तिचं जेवण. ज्वारी महागली तशी ती तांदळाच्या पेजेवर आली आणि दिवसेंदिवस वाळायला लागली.

"गल्लीतल्या सरकारी दुकानात विचारू का रे?" ती म्हणाली.

"नक्को! ते तेलुगू लोकांचं दुकान, तिथं ज्वारी कशाला असंल? आपले साहेब बसलेत की. म्हाताऱ्यांसाठी स्वस्त ज्वारीचं दुकान मंजूर करून घ्यायलेत."

आणि घेतलंही त्यांनी. खबर लागली तशी मी गल्लीतले सगळे म्हातारे-कोतारे गोळा केले, हातात रिकाम्या पिशव्या दिल्या आणि वरात काढल्यासारखं साहेबांच्या दारात नेलं. पुढं मी, नवरदेवासारखा.

साहेब अक्काच्या पाया पडले. "माय, मत कुठं टाकता?"

"इथंच, जामबागात."

"मग तुमचा आमदार मी नव्हे, माय. दुकान माझ्या तालुक्यात निघालंय. अन् पुढच्या महिन्यात भाषेवरून राज्यांची वाटणी व्हायलीय, आमचा मुलूख मुंबई राज्यात चालला. मीबी चाललो."

आमच्या अख्ख्या गल्लीची समजूत अशी, की मराठी बोलतो तो आपला आमदार. मत ज्याला दिलं तो तेलुगू. त्याच्या दारात कुणी कधी गेलंच नव्हतं.

अक्का तशीच वळली आणि त्याच्या घराकडं निघाली. तो ओट्यावरच बसला होता. मला येत होतं तेवढं सगळं तेलुगू, म्हणजे दोन्ही शब्द, मी तोंडात तयार ठेवले. अक्कानं मला बाजूला सारलं आणि इथल्या बाजारच्या हिंदीत, दखनीत, सरळ ज्वारी मागितली.

तो हसला. "अम्मा, हमारे गाँव में भी ज्वार की रोटीच खाते. तुम्हारीच गल्ली की दुकान में रखवाया मैं, बुड्ढे लोगां के वास्ते, सस्ते में. लाइन भी नक्को बोला. तुम लोगां आतेच नहीं!"

परत आमच्या गल्लीत आलो. दुकानदारानं पोत्याचं तोंड सोडलं, ज्वारी पिशवीत पडायला लागली. आता दोन-दोन आमदारांशी आपलं कसं बोलणं झालंय, ते मी त्याला सांगायला घेतलं.

"लई झालं," अक्का म्हणाली. "तू मधी पडला नसतास तर मी मागंच भाकरी खाल्ली असती. उचल पिशवी."