पाणी काढलं का?

फुसाए सेकिगुचीला समुद्र आवडतो हे मला कळलं ते तिच्या डोंगरातल्या घरी. तिचा नवरा तेव्हा छपरावर चढून पन्हाळीतली पानं उपसत होता.

मी इथल्या सुट्टीच्या बंगल्यांची राखणदार. मालक तोक्योत आणि किल्ल्या माझ्याकडे. महिन्यातून एकदा खिडक्या उघडायच्या, बुरशी पुसायची, वादळ होऊन गेलं की छप्पर बघायचं. नवीन गिऱ्हाईक आलं की विचारतं, "उशियामासान, घर घेताना काय काय बघावं?" ऊन किती वेळ येतं, भिंती दमट आहेत का, बर्फ कोण काढणार, सगळं मी सांगते. लोक माना डोलावतात आणि खिडकीतून दिसणारं शिखर बघून सही करून टाकतात. सेकिगुचींनीही बावीस वर्षांपूर्वी तेच केलं. मे महिना होता. मेमध्ये आमच्याकडे गोठासुद्धा महाल दिसतो.

तेव्हापासून दोघांची एकही सुट्टी दुसरीकडे गेली नाही. एवढं घर घेतलंय, मग आणखी कुठे कशाला जायचं, असं सेकिगुचीचं म्हणणं. माणूस वाईट नाही, पण बूड टेकायला तयार नाही. गाडीतून उतरला की गवत, गवत संपलं की गांधीलमाशांचं पोळं, ते झालं की व्हरांड्याचा रंग. त्याच्यामागे फडकं घेऊन फुसाए. चहा ओतून ती हाक मारायची, "अहो, या ना, निवतोय." "आलोच," म्हणत तो शिडी चढायचा. त्याच्या धावपळीनं मलाच दम लागायचा.

निघतानाची गडबड तर विचारू नका. हिवाळ्यात इथलं घर बंद करताना नळांतलं सगळं पाणी काढावं लागतं. राहिलं तर ते गोठतं, नळ फुटतात आणि मग घराचं तळं होतं. हे काम फुसाएचं. बाहेरचा मोठा कॉक बंद करायचा, घरातले सगळे नळ उघडे सोडायचे, गीझर रिकामा करायचा आणि "पाणी काढलं" अशी तारीख घातलेली चिठ्ठी माझ्यासाठी दाराला लावायची. तरी अर्ध्या वाटेत नवरा विचारणारच, "पाणी काढलंस का?"

"काढलं."

"नक्की?"

आणि गाडी उलटी फिरायची. कितीदा तरी मी ती परत येताना पाहिलीय.

गेल्या वर्षी फुसाएला सत्तर पूर्ण झाली. नोव्हेंबरच्या शेवटी मी त्यांच्याकडे लोणचं द्यायला गेले, तेव्हा ती नवऱ्याला म्हणत होती, "डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मैत्रिणी इझूला समुद्रावर चालल्यात. मीही जाईन म्हणते."

"त्या शनिवारी? जळणाची लाकडं यायचीयत ना इथे."

"मग विकून टाका हे घर."

"घेतंय कोण? शेजारचा सात वर्षं फुकट द्यायला बसलाय." एवढं बोलून तो पन्हाळीकडे गेला.

फुसाए माझ्याकडे वळली. "लहानपणी आमच्या दारातच समुद्र होता. आता बावीस वर्षं झाली, पाय भिजले नाहीत." मग आवाज उतरवून म्हणाली, "आता मोठी मोडतोड निघाली तर मी हात टेकले, घर सोडून देऊ, म्हणतात हे. पण निघेल तर ना! डोळ्यांत तेल घालून बसलेत."

"असं अभद्र बोलू नये," मी म्हटलं आणि लोणच्याचा डबा तिच्या हातात ठेवला. मोठी शहाणी मी.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी घर बंद करून दोघं निघाली. या वेळी गाडी परत आली नाही. म्हटलं, चला, म्हातारा निवळला एकदाचा. बुधवारी मी आवारात बर्फात वाट कळावी म्हणून खुणेच्या काठ्या रोवायला गेले. दाराला चिठ्ठी होती, तारखेसकट, फुसाएच्याच अक्षरात. आत तिच्या सपाता जागेवर नव्हत्या. फडताळात तिचा निळा पेलाही नव्हता. नेला असेल बापडीनं, असं वाटलं. सवयीनं स्वयंपाकघरातला नळ फिरवला तर पाणी धो धो आलं.

रात्री उणे अकरा होणार होतं. बोटं बधिर झाली तरी कॉक बंद केला, एकेक नळ मोकळा केला, गीझर रिकामा केला. दाराला कुलूप लावलं तेव्हा मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फुसाएचा फोन आला.

"थंडी पडली का हो तिकडे?"

"पडली ना. उणे अकरा."

"बरं. आणि घर?"

"अहो, पाणी काढायला विसरलात की तुम्ही," मी हसून म्हटलं. "पण काळजी करू नका. मी काढलं वेळेवर. सेकिगुचीसानना बोलणार नाही काही."



"उशियामासान," ती म्हणाली, "तुम्ही कशाला काढलंत?"

मला त्या सपाता आठवल्या. तो पेला आठवला. तिच्या मागून नवऱ्याचा आवाज आला, "डोंगरातल्या घरचा फोन का? सगळं ठीक आहे ना? शनिवारचं सांगून ठेव त्यांना."

"शनिवारी येतोय आम्ही," फुसाए म्हणाली. "लाकडं घ्यायला."